मसाला पिंपातून पातेल्यात

बिअर घालून शिजवलेल्या युरोपी पदार्थांची यादी काढून बसलं की एक गोष्ट हळूहळू डोळ्यांत भरते. चेक लोकांच्या नाताळात काळ्या रश्शातला कार्प मासा असतो. त्या रश्शात काळी बिअर, किसून घातलेला जिंजरब्रेड, आलुबुखाराचा घट्ट मुरंबा, बेदाणे, बदाम आणि अक्रोड पडतात. जर्मनांकडे हाच मासा बिअर आणि लेबकूखेन, म्हणजे तिथला मसालेदार केक, घालून होतो आणि त्याला पोलिश पद्धतीचा रस्सा म्हणतात. बेल्जियममध्ये गोमांस तपकिरी बिअरमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजतं आणि त्यात मोहरी फासलेला पाव किंवा पेपरकूक नावाचा मसाल्याचा पाव विरघळतो. डेन्मार्कमध्ये राईच्या शिळ्या पावाची बिअरमध्ये लापशी करतात, तीत साखर, लिंबाची साल आणि दालचिनी. दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ आणि गोडवा ही मंडळी बिअरच्या पातेल्याभोवती सारखी घोटाळत असतात. बर्गंडीच्या लाल वाइनमध्ये शिजवलेल्या गोमांसाभोवती मात्र ती फिरकत नाहीत. तिथे कांदा, खारवलेलं डुकराचं मांस, थाइम आणि तमालपत्राच्या जातीचं पान एवढ्यावर भागतं. हा फरक चवीच्या लहरीचा नाही असं माझं म्हणणं आहे. हा मसाला एकेकाळी बिअरच्याच पिंपात होता. करवसुलीने आणि कायद्याने त्याला तिथून हुसकावलं आणि त्याच्या जागी हॉप्सची फुलं आणली. त्या फुलांनी जो कडूपणा आला तो आवरायला स्वयंपाकघराला मसाल्याचा हात घट्ट धरून ठेवावा लागला.

आधी पिंपाची गोष्ट. आज बिअर म्हटलं की मोड आणून वाळवलेलं बार्ली (माल्ट), पाणी, यीस्ट आणि हॉप्स हे चार घटक आपण गृहीत धरतो. मध्ययुगातल्या उत्तर युरोपात, विशेषतः आजच्या नेदरलँड्स, बेल्जियम आणि ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात, चौथी जागा ग्रूट या मिश्रणाची होती. दलदलीत उगवणारं बॉग मर्टल नावाचं सुगंधी झुडूप हा त्याचा गाभा. सोबतीला यॅरो, रानटी रोझमेरी, आणि जागेप्रमाणे नि ऐपतीप्रमाणे इतर वनस्पती नि मसाले. हे मिश्रण बिअर करणाऱ्याने स्वतःच्या मनाने करायचं नव्हतं. ते विकण्याचा हक्क सम्राटाकडून बिशपांना, मठांना, सरदारांना आणि पुढे शहरांना मिळालेला असे. अशी दानपत्रं दहाव्या शतकापासून आढळतात. बिअर करायची तर ग्रूट हक्कदाराकडूनच घ्यायचं, आणि त्याच्या किमतीतच कर वसूल व्हायचा. आपल्याकडे अबकारीचे मक्ते दिले जात, त्याच धाटणीची ही व्यवस्था. तिच्यात किती पैसा होता हे पाहायचं तर ब्रूज शहरात ग्रूटहुसं घराण्याचा वाडा अजून उभा आहे. आडनावच ग्रूटच्या कोठीवरून आलेलं. या घराण्यातला लोडेवाइक इतका मातब्बर होता की इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड 1470 मध्ये सिंहासन सोडून पळाला तेव्हा त्याला आसरा यानेच दिला, आणि परत गादीवर बसल्यावर राजाने त्याला इंग्लंडमधली जहागिरीची पदवी दिली. झुडपाच्या पाल्याच्या मक्त्यावर उभं राहिलेलं घराणं राजांना पाहुणचार करत होतं.

ही व्यवस्था हॉप्सनी मोडली. हॉप्स नवे नव्हते. कॉर्बी इथल्या मठाचा अधिपती अडालहार्ड याच्या 822 च्या नियमावलीत त्यांचा उल्लेख येतो, आणि बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या संन्यासिनीने त्यांच्या कडूपणामुळे पेय टिकतं हे नोंदवून ठेवलं, जरी त्यांनी मन उदास होतं अशी तिची तक्रार होती. पण मोठ्या प्रमाणावर हॉप्सची बिअर निघाली ती तेराव्या-चौदाव्या शतकात, ब्रेमेन आणि हॅम्बुर्गसारख्या बंदरांतून, कारण ती जहाजावर चढवली तरी आंबत नसे. शिवाय हॉप्स कुंपणावर चढणारी वेल. तिच्यावर कुणाचा मक्ता नाही. ग्रूटच्या हक्कदारांची तिजोरी रोडावली तेव्हा आधी बंदी, मग कर असे दोन्ही उपाय झाले. सम्राट चौथ्या चार्ल्सने 1364 मध्ये बिशपांना या नव्या पद्धतीच्या बिअरवर कर घ्यायची मुभा दिली ती याच नुकसानीची भरपाई म्हणून. एकदा कर हॉप्सवरही मिळतोय म्हटल्यावर सत्तेचा ग्रूटमधला जीव संपला. 1516 मध्ये बव्हेरियाच्या दोन ड्यूक बंधूंनी इंगोलश्टाट इथे जो नियम काढला त्याचा आज शुद्धतेचा जाहीरनामा म्हणून गाजावाजा होतो. त्याचा बराचसा मजकूर प्रत्यक्षात बिअरच्या भावांबद्दल आहे. पण बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही हे वाक्य त्यात आहे, आणि 1906 मध्ये तेच तत्त्व सगळ्या जर्मन साम्राज्याला लागू झालं.

आता पातेल्याकडे. हॉप्सच्या फुलातली आम्लं उकळताना रूप बदलतात आणि पाण्यात विरघळण्याजोगी, कडवट होतात. त्यांचा एक गुण स्वयंपाकाच्या दृष्टीने निर्णायक आहे: ती वाफेबरोबर उडत नाहीत. फुलाचा सुवास उडतो, मद्यार्काचा बराचसा भाग उडतो, पाणी तर उडतंच, आणि खाली कडूपणा जवळपास जसाच्या तसा उरतो. लिटरभर बिअर आटवून पाव लिटरवर आणली की तीच कडवट द्रव्यं चौथाई पाण्यात येतात. ग्लासात ज्या चवीने तोंड स्वच्छ वाटलं, तिने रश्शात घसा धरतो. याउलट बॉग मर्टल, धने, आलं, दालचिनी यांचा जीव असतो तेलांत, आणि ती तेलं उडून जाणारी. ग्रूटची बिअर पातेल्यात आटली तर खाली राहणार ते मुख्यतः धान्याचं गोडसर सत्त्व. दुसरी बाजू गोडव्याची. इंग्लंडमध्ये रेनॉल्ड स्कॉट याने 1574 मध्ये हॉप्सच्या बागेवर पुस्तक लिहिलं, त्यात हिशेब दिला आहे. एक बुशेल माल्टमधून फार तर आठ-नऊ गॅलन एल, म्हणजे हॉप्सविना केलेली जुनी बिअर, निघते, तीही यथातथा. हॉप्स घातले तर अठरा-वीस गॅलन उत्तम बिअर निघते. स्कॉटला ही काटकसर वाटली, आणि ती होतीच. आचाऱ्याच्या नजरेने मात्र याचा अर्थ असा की त्याच्या हातात आलेल्या पातळ पदार्थात धान्याचं सत्त्व निम्मं आणि कडूपणा नवा. पूर्वी जे रश्शाचं अंग होतं, त्याला आता सांभाळून घ्यावं लागणार होतं. कारल्याच्या भाजीला चिंच-गूळ का लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला जिंजरब्रेडचं प्रयोजन वेगळं समजावून द्यायला नको.

याला कागदोपत्री आधार आहे का? इंग्लंडमध्ये तो बऱ्यापैकी सापडतो, कारण तिथे जुनी एल आणि नवी बिअर ही दोन पेयं शतक-दीड शतक वेगळ्या नावांनी शेजारी शेजारी नांदली. हॉप्सची बिअर चौदाव्या शतकाच्या अखेरीला समुद्रापलीकडून आली आणि 1542 मध्येसुद्धा अँड्र्यू बोर्ड हा वैद्य एल हेच इंग्रजांचं स्वाभाविक पेय, बिअर ही डचांची असं बजावत होता. तर पंधराव्या शतकाच्या मध्यावरच्या, हार्ली संग्रहातल्या एका हस्तलिखितात कॉडल या गरम पेयाची कृती आहे. अंड्याचे गाळलेले बलक भांड्यात घ्यायचे, त्यात चांगली एल किंवा चांगली वाइन घालायची, विस्तवावर ठेवून ढवळायचं, केशर, मीठ, साखर टाकून गरम वाढायचं. एल किंवा वाइन! आचारी दोन्ही एका पारड्यात तोलतो, एकीच्या जागी दुसरी घातली तर कृतीत काही बदलावं असं त्याला वाटत नाही. आता 1588 सालच्या एका छापील गृहिणी-पुस्तकातली लोणी घातलेल्या बिअरची कृती पाहा. इथे शब्द बिअर आहे, वाइनचा पर्याय नाही. तीन पाइंट बिअरला पाच बलक, अर्धा पौंड साखर, पेनीभर किमतीचं कुटलेलं जायफळ, तितक्याच किमतीची लवंग, अर्ध्या पेनीची सुंठ. कथलाच्या एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत ओतत सगळं एकजीव करायचं, पुन्हा आचेवर ठेवायचं, उकळी फुटणार तोच उतरवायचं, मग वाटीभर ताजं लोणी घालून परत या भांड्यातून त्या भांड्यात. आजच्या मापात पावणेदोन लिटरला सव्वादोनशे ग्रॅम साखर. गोडवा, स्निग्धपणा आणि तिखट सुगंध, कडू चवीला जेवढ्या बाजूंनी घेरता येईल तेवढ्या बाजूंनी इथे घेरलं आहे.

यावर पहिला आक्षेप साखरेचाच निघेल, आणि तो निघायलाच हवा. पंधराव्या शतकातल्या आचाऱ्याला साखर औषधासारखी चिमटीने वापरावी लागे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटिकमधल्या बेटांवरची आणि ब्राझीलची साखर अँटवर्प-लंडनच्या बाजारात ओतली जात होती. साखर स्वस्त झाली म्हणून ती जास्त पडली, त्यात हॉप्सचा काय संबंध? संबंध एवढाच की स्वस्ताईने साखर सगळ्याच पदार्थांत वाढली, पण सगळ्यांत टिकली नाही. मध्ययुगात साखर, दालचिनी, सुंठ, लवंग, आंबटपणा यांचा गोफ युरोपभर सगळ्या श्रीमंत स्वयंपाकांत होता. वाइनचे रस्सेही तसेच मसालेदार होते आणि भाजलेल्या पावाने दाट केले जात. 1651 मध्ये ला वारेनचं फ्रेंच पाकशास्त्रावरचं पुस्तक आलं आणि त्याच्या आगेमागे, एका रात्रीत नव्हे पण दोन पिढ्यांत, फ्रेंच खाऱ्या पदार्थांतून गोड मसाले उतरले. लोणी, रानातल्या पाल्याचे वास, मांसाचा अंगरस यांना मान आला. वाइनला हे सोसलं, कारण वाइन आटली की आंबटपणा आणि फळाची चव दाटते, त्यांना लोण्याची जोड पुरते. बिअरच्या मुलखात हीच फॅशन पोचली, तिथल्या उमरावांनी फ्रेंच आचारी ठेवले, पण बिअरच्या रश्शातून मसाला आणि गोडवा हलला नाही. साखर स्वस्त होती हे तो आला कसा याचं उत्तर असेल. तो राहिला का, याचं उत्तर त्यात नाही.

कुणी म्हणेल, राहिला कारण तो गरिबांचा आणि सणावारांचा स्वयंपाक होता, आणि असा स्वयंपाक जुनं सोडत नाही. नाताळच्या कार्पबाबत हे मला मान्य आहे. सणाचं ताट बदलायला घरात कुणी धजत नाही, ही गोष्ट प्रागइतकीच पंढरपुरातही खरी. पण बेल्जियमचं गोमांस सणाचं नाही. ते रस्त्याकडेच्या बटाट्याच्या तळणीच्या टपरीवर रोज मिळतं, तळलेल्या बटाट्यांवर त्याचा रस्सा ओतून लोक उभ्याउभ्या खातात. तिथे जुनं टिकवायची कुणावर सक्ती नाही, तरी टपरीवाला त्यात मोहरी आणि तपकिरी साखर घालतोच. दुसरी शंका अधिक जड आहे. ऱ्हाईनकाठी व्हिनेगरमध्ये मुरवून शिजवलेलं मांस, ज्याला झाउअरब्राटन म्हणतात, त्यातही लेबकूखेन विरघळवतात, आणि त्यात बिअरचा थेंब असेलच असं नाही. मग लेबकूखेन हॉप्सच्या कडूपणावरचा उतारा कसा? याचं उत्तर देताना माझं विधान नीट आवळून घ्यायला हवं. जिंजरब्रेड हॉप्समुळे जन्मला असं मी म्हणत नाही. न्यूरेम्बर्गच्या आसपासच्या रानातला मध आणि व्हेनिसमार्गे आलेले मलबारचे, मोलुक्काचे मसाले यांतून तो घडला, आणि सुका, टिकाऊ, आधीच मसालेदार असल्याने रश्शाला आळण म्हणून सोयीचा ठरला. जिथे रश्शाला एखादी एकांगी, टोकाची चव असते तिथे तो उपयोगी पडला. व्हिनेगरचा आंबटपणा ही तशी एक चव, बिअरचा कडूपणा ही दुसरी. झाउअरब्राटन माझं म्हणणं खोडत नाही, उलट हा केक नेमकं कुठे लागतो त्याची दिशा दाखवतो.

ग्रूटमधल्या वनस्पतीही कडू होत्या, हा आक्षेप वनस्पती जाणणारे घेतील. यॅरो कडू असतो, रानटी रोझमेरीही. खरं आहे. ग्रूटची बिअर सरबतासारखी गोड होती असा समज करून घेऊ नये. पण इंग्लंडची जुनी एल पुष्कळदा कोणत्याच पाल्याविना केली जाई, आणि वर आलेली एल-किंवा-वाइनची कृती त्याच एलची आहे. शिवाय तुलना करायची तर आजच्या बिअरमध्येच करता येते. बव्हेरियात डुकराचं मांस भाजताना काळी बिअर शिंपडतात. ती बिअर माल्टच्या गोडव्याची, हॉप्सने सौम्य, आणि तव्यात मांसाची चरबी व मीठ भरपूर. मिठाने कडूपणा दबतो हे आता प्रयोगांनी सिद्ध आहे. त्या रश्शात शहाजिऱ्यासारखं कॅरावे आणि कांदा याखेरीज काही लागत नाही, लेबकूखेन तर नाहीच. चीज वितळवून एलमध्ये फेटायचं आणि पावावर ओतायचं हा वेल्श रॅबिटही तसाच: चरबी आणि मीठ इतकं की मोहरी नि थोडी लाल मिरची पुरते. जिथे बिअर हाच सगळा रस्सा, तिथे गोड मसाला. जिथे बिअर नुसता शिंतोडा, तिथे तो नाही. या एका भेदाने नकाशा बराच उलगडतो.

बेल्जियमच्या पातेल्याकडे जरा जवळून पाहू, कारण तिथे हा व्यवहार डोळ्यांदेखत घडतो. मांसाचे मोठे तुकडे लोण्यात लालसर करून बाजूला काढायचे. त्याच चरबीत वजनाला जवळपास मांसाइतके कांदे, पातळ चिरून, तपकिरी होईतो परतायचे, म्हणजे गोडव्याची पहिली भर कांद्याची. मग मांस परत घालून बुडेल इतकी बिअर ओतायची. पहिल्या दहा मिनिटांत वर फेस येतो आणि तो रस्सा चाखला तर कडवट लागतो. त्यावर जाड मोहरी फासलेली पावाची काप पालथी ठेवायची. पाव आधी फुगतो, तरंगतो, तासाभराने त्याच्या कडा सुटतात आणि दोन-तीन तासांनी तो दिसेनासा होऊन रस्सा चमच्याला धरू लागतो. शेवटी तपकिरी साखर किंवा लिएझकडचा सफरचंद-नाशपतीचा काळा पाक आणि चमचाभर व्हिनेगर. बिअर कोणती घ्यायची याचीही परंपरा बोलकी आहे. एस्कोफिएने 1903 च्या आपल्या ग्रंथात या पदार्थाला जुनी लँबिक पसंत केली आणि सोबत साखर सांगितली. लँबिकमध्ये हॉप्स भरपूर पडतात, पण ते वर्षानुवर्षं साठवून कडूपणा गेलेले असतात. टिकण्याचा गुण ठेवायचा आणि कडूपणा टाळायचा, असा तो तोडगा आहे. फ्रेंच पाकशास्त्राच्या या बादशहाला वाइनच्या रश्शात साखर घालायचं सुचलं नसतं. इथे त्याने ती मुकाट्याने घातली.

मसाला बिअरमधून गेला तो सगळीकडे सारखा गेला नाही, आणि त्यात सरकारी खात्यांचा हात स्पष्ट दिसतो. धने हेच उदाहरण घ्या. बेल्जियमला बव्हेरियाचा नियम कधी लागू नव्हता, त्यामुळे हूगार्डन गावची गव्हाची बिअर धने आणि कडू संत्र्याच्या सालीसकट टिकली. मध्ये ती बंद पडली आणि 1960 च्या दशकात पिएर सेलिस या दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. आता तिच्यात शिंपले उकडतात, वेगळा मसाला न घालता. जर्मनीत लाइपझिगची गोझे धने आणि मीठ घालून होते, पण ती स्थानिक वैशिष्ट्य म्हणून मिळालेल्या सवलतीवर. आणि लंडनमध्ये तेच धने गुन्हा ठरले. 1710 मध्ये हॉप्सवर पौंडाला एक पेनी कर बसला आणि तो चुकू नये म्हणून दारूवाल्यांना दुसरी कडवट द्रव्यं वापरायला मनाई झाली. 1816 च्या कायद्याने तर मसाले नि औषधी जवळ बाळगायलाही बंदी आली. तरी 1820 मध्ये फ्रेडरिक अॅकम या रसायनशास्त्रज्ञाने अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहिलं तेव्हा पातळ बिअर झणझणीत करायला धने, आलं, लाल मिरची आणि पश्चिम आफ्रिकेतले वेलदोड्याच्या कुळातले तिखट दाणे वापरतात हे त्याला सांगावं लागलं. नशा वाढवायला काकमारीची फळंही पडत. ही मलबारची, आपल्याकडे ओढ्यात टाकून मासे गुंगवायला वापरतात ती. तिखट बिअर पिणारा लंडनकर म्हणजे आपल्याच मुलखातल्या विषाचा गिऱ्हाईक होता. काकमारीवर बंदी हवीच होती. धन्यांचा अपराध मात्र त्यांनी कर भरला नाही एवढाच होता.

आपल्या किनाऱ्यावर दुसरा अर्धा पुरावा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीची बिअर मुंबई-कलकत्त्याला उतरू लागली. चार-सहा महिन्यांचा उष्ण समुद्रप्रवास सोसावा म्हणून तिच्यात हॉप्स सढळ हाताने पडत, म्हणजे ती सगळ्यांत कडू जातींपैकी. त्याच काळात गोव्याच्या स्वयंपाकघरात माडाची सुर रोज वापरात होती: सान्नांचं पीठ फुगवायला, पावाला, आणि आंबवून केलेल्या शिर्क्याच्या रूपाने विंदालूत. तिथे पोर्तुगीजांच्या वाइनची जागा शिर्क्याने घेतली, आणि त्याला लागणारं लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण मांसासाठी आहे, सुरेतला काही दोष झाकायला नाही. सुरेत हॉप्स नाहीत, झाकायचं काही नाही. हॉप्सविना आंबवलेलं पेय स्वयंपाकात किती सहज मिसळतं हे मडगावात दिसतं, आणि ल्युबेकच्या आचाऱ्याने चौदाव्या शतकात काय गमावलं याचा अदमास येतो.

गमावलेलं सगळ्यांत जास्त जाणवतं ते बिअरच्या सुपात. कॉफी येण्याआधी जर्मन मुलखात सकाळची न्याहारी म्हणजे हे सूप होतं. हलकी बिअर तापवायची, अंडी नि लोणी थंड बिअरमध्ये फेटून तीत सोडायचं, मीठ किंवा साखर, घरच्या ऐपतीप्रमाणे जायफळ किंवा दालचिनी, आणि हे पावाच्या कापांवर ओतायचं. चौदाव्या लुईच्या भावाला दिलेली जर्मन राजकन्या एलिझाबेथ शार्लोट व्हर्सायच्या दरबारात चहा, कॉफी, चॉकलेट यांना नाकं मुरडत राहिली आणि पत्रांतून बिअरच्या सुपासाठी झुरत राहिली. 1777 मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटने कॉफीविरुद्ध फर्मान काढलं तेव्हा आपण स्वतः बिअरच्या सुपावर वाढलो असं त्याने प्रजेला बजावलं, आणि चार वर्षांनी कॉफी भाजण्याचा हक्कच सरकारकडे घेऊन वासावर माग काढणारे शिपाई गल्लोगल्ली फिरवले. परकीय चलन वाचवायचं होतं, सुपाचा कळवळा दुय्यम. कॉफी तरी जिंकलीच. इथे हॉप्सना सगळा दोष देणं अन्यायाचं होईल. कॉफीने जो झोपमोड करणारा गुण आणला त्याच्यापुढे कोणतंही सूप टिकलं नसतं. पण जिथे हलकी, गोडसर, कमी हॉप्सची बिअर बाजारात राहिली तिथे ही न्याहारीही राहिली, आणि तो देश डेन्मार्क. तिथे 1891 मध्ये बिअरवर कर आला तेव्हा अगदी कमी मद्यार्काच्या बिअरला तो लागू केला नाही. त्यामुळे ह्विट्यॉल ही गडद, गोड, जेमतेम हॉप्स असलेली जुन्या वळणाची बिअर स्वस्त राहिली, आणि राईच्या पावाची लापशी, ऑलेब्रॉड, तिच्यातच होते. कारेन ब्लिक्सेनच्या कथेत पॅरिसची नामांकित आचारीण बाबेट परागंदा होऊन येते तेव्हा दोघी धर्मभोळ्या बहिणी तिला पहिल्यांदा जे शिकवतात त्यात हा पदार्थही असतो. आज कोपनहेगनच्या काही उपाहारगृहांत तो वरून मलई घालून मानाने वाढतात. तो करायला घेतलेल्या हौशी आचाऱ्याने ह्विट्यॉलऐवजी हातातली नव्या धाटणीची कडक बिअर ओतली तर साखर कितीही वाढवली तरी लापशी कडूच राहते.